कप फुटतो, कपाचा कान तुटतो

इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे: "आमच्या घरी सगळे 'कप तुटला' म्हणतात. पुण्याच्या नणंदबाई त्यावर हसतात. बरोबर काय? आणि मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याला 'फ्रॅक्चर'साठी मराठी शब्द हवाय."

ताई, नणंदबाईंचं बरोबर आहे, पण हसण्यासारखं त्यात काही नाही. हिंदीत कप टूटता है, शीशा टूटता है, हड्डी टूटती है, आकाशातला तारासुद्धा टूटता है. इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या हेच कानावर पडल्यावर आपलं 'तुटणं'ही पसरत गेलं. पुण्याकडे कप फुटतो. त्याचा कान मात्र तिकडेही तुटतोच.

'हात मोडला' आणि 'हात तुटला' ही जोडी बघा. मोडलेल्या हाताला प्लास्टर घालतात. तुटलेला हात अंगापासून वेगळा झालेला असतो. फांदी मोडून सालीला लोंबकळत राहू शकते, तुटली की खाली. म्हणजे कडक वस्तू वाकवली की मोडते, जोड सुटला की तुटतं. दोरी, साखळी, नातं, सगळं त्याच हिशेबाने. (लग्न मात्र मोडतं. का, ते तुम्हीच ठरवा.) गरम चहा ओतल्यावर काचेचा ग्लास तडकतो: आतली बाजू फुगते, बाहेरची अजून गारच असते, त्या ओढाताणीत तडा जातो, पण ग्लास एकसंध उभा असतो. फुटणं म्हणजे त्याचे तुकडे होणं.

मुलाला खरी मौज इथे वाटेल. बिडाचा तवा हातातून पडला तर फुटू शकतो, लोखंडी कढई पडली तर चेपते. दोन्ही मुळात लोखंडच. पण बिडात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त असतो आणि नेहमीच्या करड्या बिडात तो ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात बसतो. ते पापुद्रे म्हणजे आतल्या तयार चिराच. कढईच्या साध्या पोलादात चिरेच्या टोकाशी धातू थोडा वाहतो, म्हणजे न तुटता सरकतो, टोक बोथट होतं, चीर अडते. काचेत धातूसारखं वाहणं नाही, त्यामुळे टोक धारदारच राहतं. काच अणूंच्या बंधांवरून काढलेल्या हिशेबापेक्षा इतकी कमकुवत का, याचं उत्तर ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१च्या निबंधात दिलं: अंगावरच्या बारीक चिरांमुळे. चीर वाढताना ताणातली जितकी ऊर्जा मोकळी होते, ती नवा पृष्ठभाग तयार करायला पुरली की चीर धावत सुटते. वर्कशॉपमध्ये चिरेच्या टोकाला भोक पाडतात ते याचसाठी. टोकाची धार जाते.

पण पोलादही फुटू शकतं. जानेवारी १९४३मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला उभं असलेलं 'स्केनेक्टडी' हे नवंकोरं तेलवाहू जहाज शांत पाण्यात मोठा आवाज करून मधोमध गेलं. कारण वेल्डिंगचं अखंड अंग आणि थंडीत ठिसूळ होणारं पोलाद. डेक आणि दोन्ही बाजू चिरल्या, तळाचे पत्रे टिकले. आता क्रियापद कोणतं? मी म्हणेन, जहाज मोडलं, तुटलं नाही. पण त्याचं पोलाद फुटलं, कपासारखं.

राहिला मुलाचा शब्द. या सगळ्या क्रियापदांना मिळून 'भंग' वापरावा. अस्थिभंग ओळखीचा आहेच. 'ठिसूळ भंग', 'तन्य भंग' (आधी ताणून मग तुटणं), 'भंगपृष्ठ' सहज बनतात. 'तूट' नको, ती अंदाजपत्रकात शोभते. मात्र मशीनपाशी 'शाफ्टचा (फिरणाऱ्या दांड्याचा) भंग झाला' म्हणाल तर कारागीर चहा पाजून घरी पाठवेल. तिथे शाफ्ट तुटतो, आणि ते चूकही नाही. तुटलेलं तोंड नीट पाहायला मुलाला सांगा. चावीच्या (चाक शाफ्टला पक्कं धरणाऱ्या पाचरीच्या) खाचेच्या कोपऱ्यापासून शिंपल्यासारख्या गुळगुळीत रेषा आणि शेवटी खडबडीत तुकडा दिसला, तर शाफ्ट एका झटक्यात गेलेला नाही. फिरून फिरून चीर वाढत होती. या प्रकाराला 'थकवा' म्हणतात, मला 'शिणवटा' जास्त आवडतो.

बांगडीला यातलं काहीच लावू नका. ती पिचते, नाहीतर 'वाढते'. फुटली म्हणालात तर घरातल्या आजी रागावतील.