समुद्राकाठी राहूनही करडांना गलगंड?

प्रश्न : यंदा दोन शेळ्यांना मेलेली करडे झाली. अंगावर केस जवळपास नव्हते, गळ्याला टणक गाठ होती. शेळ्या मात्र धडधाकट आहेत. खायला सुबाभळीचा पाला, शेंगदाणा पेंड आणि मिठागरातले खडे मीठ. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना आयोडीन कमी कसे पडेल?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : लक्षणे गलगंडाची आहेत. समुद्राच्या पाण्यातच आयोडीन लिटरमागे जेमतेम 0.06 मिलिग्रॅम असते. मिठागरातल्या खड्यांत ते नावालाच उतरते. गर्भाला आयोडीन आईकडूनच मिळते. ते कमी पडले की त्याची थायरॉईड ग्रंथी फुगते, पण संप्रेरक तयार होत नाही. केस उगवत नाहीत, फुफ्फुसे कच्ची राहतात. शेळी वरून ठणठणीत दिसते, म्हणूनच हा आजार लक्षात येत नाही.

तुमच्याकडे खरी अडचण सुबाभळीची असावी. तिच्या पाल्यातल्या मिमोसीन या विषारी घटकापासून पोटात जो पदार्थ बनतो, तो ग्रंथीला आयोडीन वापरूच देत नाही. त्यामुळे नुसते आयोडीन वाढवून भागत नाही. पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा, गाभण शेळीला त्याहून कमी. कोबीचा पाला आणि मोहरीची पेंड तिला देऊच नका.

आता हिशेब. गाभण शेळीला किलोभर शुष्क चाऱ्यामागे साधारण 0.5 मिलिग्रॅम आयोडीन लागते, दुभतीला 0.8. दिवसाला दीड किलो खाणाऱ्या गाभण शेळीची गरज झाली 0.75 मिलिग्रॅम. आयोडीनयुक्त मिठात ते किलोला 15 मिलिग्रॅम धरले, तर 10 ग्रॅम मिठातून 0.15 मिळते, म्हणजे मीठ एकटे पुरत नाही. खनिज मिश्रणाच्या पाकिटावर आयोडीन 0.02 टक्के लिहिले असेल, तर 10 ग्रॅममधून 2 मिलिग्रॅम मिळते. तेवढे भरपूर झाले. मीठ आणि मिश्रण दोन्ही झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात पोत्यातले मीठ पाझरते आणि त्यासोबत आयोडीनही जाते. किनाऱ्यावरचे शेवाळ मात्र घालू नका. त्यातले प्रमाण बेभरवशाचे असते आणि जास्त आयोडीननेही गलगंड होतो.

पुढच्या वेळी मेलेले करडू पुरण्याआधी पशुवैद्यकांना दाखवा. गर्भपात संसर्गानेही होतो, तेव्हा हातमोजे घालूनच हाताळा.

प्रश्न : दोन महिन्यांच्या करडाच्या गळ्याला मऊ फुगवटा आहे. तेही हेच का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : करडू उड्या मारत असेल, वजन धरत असेल, तर बहुधा थायमस ही रोगप्रतिकाराशी संबंधित ग्रंथी वाढलेली आहे. दूध भरपूर पिणाऱ्या करडांत असे होते, आपोआप ओसरते. फुगवटा जबड्याखाली असेल, बोटाने दाबल्यावर खळगा राहत असेल आणि डोळ्यांच्या आतली कड पांढुरकी दिसत असेल, तर ते जंतांमुळे आलेले पाणी आहे. लेंडी तपासून लगेच औषध पाजा.