‘बिफोर’मधल्या गप्पा: लिहिलेल्या की सुचलेल्या?

प्रश्न: ‘बिफोर’ या तीन इंग्रजी प्रेमपटांच्या मालिकेत मुख्य नट ईथन हॉक आणि ज्युली डेल्पी आयत्या वेळी सुचेल तसं बोलतात का? लिहिलेले संवाद इतके सहज कसे वाटतील?

उत्तर: वाटतं तसं खरं, पण संवाद आधीच लिहून, घोटून पक्के केलेले असतात. १९९५ च्या ‘बिफोर सनराइज’ची पटकथा दिग्दर्शक रिचर्ड लिंकलेटर आणि किम क्रिझान यांची. ‘बिफोर सनसेट’ (२००४) आणि ‘बिफोर मिडनाइट’ (२०१३) च्या पटकथेवर मात्र लिंकलेटरसोबत दोन्ही नटांचीही नावं आहेत. वाक्य बोलणाऱ्याच्याच हातून गेलं की त्याच्या जिभेला न पेलणारा शब्द तालमीआधीच गळतो.

‘सनसेट’मधलं पॅरिसच्या गल्लीतलं चालणं नीट पाहा. कॅमेरा त्यांच्यापुढे उलटा सरकतो, शॉट लांबच लांब. गल्ली संपायच्या आत बोलणं संपायला हवं! एकाने दोन वाक्यं मनाची घातली तर वळण चुकतं, आणि मधेच अडखळलं तर पुन्हा पहिल्या पावलापासून. ८० मिनिटांची ही गोष्ट जवळपास सलग वेळेत घडते, म्हणजे संध्याकाळचं ऊनही जुळायला हवं. चित्रीकरणाला दिवस होते जेमतेम १५. तिथे उत्स्फूर्तपणाची चैन परवडत नाही.

सहजपणा येतो तो दुसऱ्याचं वाक्य मधेच तोडण्यातून, अर्धवट हसण्यातून. बहुतेक नट आपली पाळी येईपर्यंत नुसते थांबतात. हे दोघं ऐकतात. ‘मिडनाइट’मधला गाडीतला लांबलचक प्रसंग त्यासाठी पुन्हा पाहा, आणि या वेळी न बोलणाऱ्याकडे लक्ष ठेवा.