सोसायटीच्या ऑफिसातल्या जुन्या पीसीवर कोणतं लिनक्स टाकावं?

कोपरखैरण्यातल्या सोसायटीचं ऑफिस, 4 जीबी रॅमचे दोन पीसी आणि रोज लक्ष द्यायला कुणी नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग लिनक्स मिंट 22 टाका, एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप असलेली) आवृत्ती. अपडेट 2029पर्यंत मिळतात. डेबियन हे दुसरं लिनक्सही भक्कम, पण नवख्याला मिंट सांभाळणं सोपं जातं.

आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून प्रिंटर आणि वायफाय तपासा. अजून जुनी हार्डडिस्क असेल तर एसएसडी बसवाच, फरक लगेच जाणवतो.

मग मिंट टाकून झालं की त्याच्या अपडेट मॅनेजरच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोमेशन’ टॅब उघडून आपोआप अपडेट आणि जुने कर्नल (लिनक्सचा गाभा, अपडेटबरोबर नवा येतो) काढणं, दोन्ही चालू करा. कर्नल साचत गेले की डिस्क भरते आणि अपडेट अडकतात. टाइमशिफ्ट या मिंटमधल्या बॅकअप प्रोग्रॅममध्ये आठवड्याला एक स्नॅपशॉट (सिस्टिमची त्या वेळची प्रत) घ्या, दोनच ठेवा. पण एक नीट लक्षात घ्या: टाइमशिफ्ट फक्त सिस्टिम जपतं, तुमच्या फाइलींचं होम फोल्डर मुळात वगळलेलं असतं. मेंटेनन्सची बिलं, सभासदांची यादी वेगळ्या डिस्कवर कॉपी करायलाच हवी.

नेटवर सापडलेले पीपीए (सॉफ्टवेअरचे बाहेरचे स्रोत) जोडू नका, पुढच्या मोठ्या अपग्रेडला बहुतेक वेळा तेच नडतात. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा छोटा यूपीएसही घ्या.