चावी फिरते, सेल्फ फिरत नाही: जुन्या स्पोर्ट्स गाड्यांची प्रश्नोत्तरे

पावसाळा सरत आला की या सदराकडे एकाच धाटणीची पत्रं येतात: गाडी चालू होत नाही, बॅटरी बदलली, तरी होत नाही. नव्या बॅटरीच्या पैशांत चांगला मल्टिमीटर येतो आणि वर पैसे उरतात. खालच्या उत्तरांत तो तुमच्याकडे आहे असं मी धरून चालतो.

प्रश्न (दापोली): माझी १९८०च्या दशकातली दोन सीटची आयात गाडी आहे. सकाळी पहिल्याच सेल्फला चालू होते. पण दाभोळहून धोपाव्याला जाताना फेरीबोटीत इंजिन बंद केलं, की पलीकडे उतरायच्या वेळी नुसतं एक ‘टक्’. मागचे हॉर्न वाजवतात. अर्ध्या तासाने काहीही न करता चालू होते. दोन बॅटऱ्या बदलल्या, आता मेकॅनिक सेल्फ बदलू म्हणतो. सायलेन्सरचा पाइप सेल्फला अगदी लागून जातो.

उत्तर: तुमचं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. गाडी चालत असते तेव्हा सेल्फला वारा लागतो. बोटीत इंजिन बंद केलं की पाइपाची धग शेजारच्या सोलेनॉइडमध्ये (तांब्याच्या कॉइलचा चुंबकी स्विच, तोच सेल्फला करंट जोडतो) उतरते. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. म्हणजे कॉइल ३० अंशांवरून १०० वर गेली की रोध पाव हिश्श्याहून जास्त वाढला, करंट त्या मानाने घटला आणि सोलेनॉइडची ओढ कमी पडली.

पण धग हे निमित्त. नवी असताना हीच गाडी असाच उन्हाळा सोसत होती. मधल्या वर्षांत बिघडते ती बॅटरी ते चावी आणि चावी ते सोलेनॉइड ही बारीक वायरीची वाट. इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडतात, जोडण्यांत खारी हवा शिरते. थंड सोलेनॉइड दहा व्होल्टवरही काम भागवतो, गरम झालेला नाही.

अडचण अशी, की गॅरेजमध्ये गाडी थंड होऊन पोहोचते आणि सगळी मापं चोख येतात. म्हणून मीटर बोटीत न्या. सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला (बॉश पद्धतीच्या सेल्फवर त्याला ५० नंबर असतो) एक लांब वायर जोडा, तिच्यात एक अँपिअरचा फ्यूज घाला आणि पाइपापासून लांबून ती आत सीटपर्यंत आणा. मीटरचं दुसरं टोक अर्थला, म्हणजे गाडीच्या लोखंडी अंगाला. धोपाव्याला ‘टक्’ झालं की आकडा वाचा. चावी धरलेली असताना बॅटरीवर बारा आणि इथे नऊ-साडेनऊ असेल, तर चोर बारीक वायरीत आहे. उपाय स्वस्त आहे: सोलेनॉइडजवळ ३० किंवा ४० अँपिअरचा रिले बसवा, त्याला जाड वायरीने थेट करंट द्या आणि जुन्या चावीला फक्त रिले ओढायचं काम ठेवा. जमलं तर पाइप आणि सेल्फ यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसाही करून घ्या.

आकडा अकरा-बाराचा आला आणि तरीही ‘टक्’च, तर तुमचा मेकॅनिक बरोबर. आतले जाड कॉन्टॅक्ट जळाले असतील, कार्बन ब्रश संपले असतील किंवा बुश झिजून आर्मेचर घासत असेल. तरी सेल्फ उघडून दुरुस्त करता येतो का ते आधी विचारा. जुन्या गाडीचा मूळ सेल्फ भंगारात घालवू नये.

प्रश्न (वेंगुर्ले): सॅन स्टॉर्म आहे. सेल्फ रडत रडत फिरतो. गंमत म्हणजे तेव्हा ॲक्सिलरेटरची केबल चक्क गरम लागते. बॅटरी नवी आहे.

उत्तर: गोव्यात बनलेल्या या गाडीची बॉडी फायबरची आहे. पत्र्याच्या गाडीत पत्रा हीच परतीची वाट असते. फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला, प्रत्येक पंपाला वायरीचा अर्थ लागतो आणि इंजिनचा जाड अर्थ तर धडच हवा. तो सैल झाला की शंभर-दीडशे अँपिअर करंट मिळेल त्या लोखंडातून परत जायला बघतो. तुमच्याकडे त्याला ॲक्सिलरेटरची केबल सापडली. ती वितळायच्या आत सेल्फ मारणं थांबवा.

खात्री करायची तर इग्निशन कॉइलची वायर सोडवून, म्हणजे इंजिन पेटणार नाही, मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा. लगवर (केबलच्या टोकाच्या पकडीवर) नाही, खांबावरच. दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर. जोडीदाराला एकदाच, दोन-तीन सेकंद सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक. एकाच्या वर गेलं तर रोग सापडला. दीडशे अँपिअरला ओहमचा शंभरावा भागसुद्धा दीड व्होल्ट खातो, म्हणून डोळ्यांना ठीक दिसणाऱ्या जोडणीवर विश्वास ठेवू नका.

केबल काढून दोन्ही टोकांचे लग आणि त्यांच्या बसायच्या जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा. घट्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन लावा. वायरीचं प्लास्टिक दोन इंच सोलून बघा. आत तांबं हिरवं किंवा काळं दिसलं तर ती साफ करत बसू नका, टाकून द्या. बंदरावर ट्रॉलरचं वायरिंग करणाऱ्यांकडे कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर मिळते का बघा. किनाऱ्यावरच्या गाडीला तीच टिकते.

प्रश्न (अलिबाग): १९६५ची एमजीबी नागावच्या घरी असते. दर पंधरा दिवसांनी मुंबईहून येतो तेव्हा बॅटरी मेलेली. शेजाऱ्याच्या जीपवरून केबल लावून चालू करतो. चालेल का?

उत्तर: आधी केबलचं. १९६७पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, म्हणजे बॉडीला बॅटरीचा प्लस जोडलेला. तुमची अजून तशीच असेल तर प्लसला प्लस आणि मायनसला मायनस हे बरोबरच, पण दोन्ही गाड्यांची अंगं एकमेकींना लागता कामा नयेत. बंपर टेकला की थेट शॉर्ट. आणि मायनसची केबल सवयीने एमजीबीच्या बॉडीला लावाल तर तेच. मी तर चार्जरच वापरायला सांगेन.

आता मरण्याचं कारण. तुमच्या गाडीत सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. दोन्ही वेगवेगळ्या मोजा. एक ६.३ आणि दुसरी साडेपाच असेल तर दुसरीच बदलायची वेळ आली आहे, पण जोडी एकाच वयाची ठेवलेली बरी. दोन्ही सारख्याच उतरत असतील तर गळती शोधा: अर्थचा लग काढा, मीटर दहा अँपिअरच्या रेंजवर मध्ये जोडा, आणि तो जोडलेला असताना सेल्फला हात लावू नका. या गाडीत घड्याळ वगैरे सोडलं तर उभ्या-उभ्या करंट खाणारं काहीच नाही. ०.२ अँपिअर दिसला तरी पंधरा दिवसांत सत्तर अँपिअर-अवर जातात. फ्यूज जेमतेम दोन, तेव्हा फ्यूज काढून फारसं कळणार नाही, एकेक जोडणी सोडवावी लागेल. गाडी रात्रीतच मरत असेल तर उभ्या गाडीचा डायनामो हाताने चाचपा. कोमट लागला तर रेग्युलेटरमधला कट-आउट (उभ्या गाडीत डायनामोला बॅटरीपासून तोडणारा स्विच) चिकटला आहे.

तोवर बॅटरीच्या केबलवर फिरवायचा कट-ऑफ स्विच बसवून घ्या. बोट पकडण्याआधी तो बंद करा.

प्रश्न (रत्नागिरी): सेल्फ फिरतोय तोवर इंजिन पेटतं. चावी सोडली की लगेच बंद. कार्ब्युरेटर दोनदा साफ केला.

उत्तर: कार्ब्युरेटरला बिचाऱ्याला सोडा. तुमच्या इग्निशन कॉइलला बॅलास्ट रेझिस्टर (तिचा करंट कमी ठेवणारा रोध) असणार. सेल्फ मारताना कॉइलला तो टाळून पूर्ण करंट मिळतो, चावी सोडली की त्यातून. तो तुटला असेल, नाहीतर चावीची चालू स्थिती गेली असेल. चावी चालू ठेवून, पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट) मिटलेले असताना, रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना मोजा. एकीकडे बारा आणि दुसरीकडे शून्य आलं तर रेझिस्टर बदला. दोन्हीकडे शून्य, तर चावी किंवा तिच्यापासून येणारी वायर. बॅलास्ट काढून थेट वायर मात्र मारू नका, कॉइल आणि पॉइंट जळतील.

प्रश्न (मालवण): पावसाळ्यात सकाळी सेल्फ जोरात फिरतो, इंजिन मात्र पेटत नाही. सेल्फ उघडू का?

उत्तर: नको. सेल्फ ठीक आहे, ठिणगी अडते आहे. डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) टोपी काढून आतून कोरड्या फडक्याने पुसा आणि उजेडात धरून पेन्सिलीच्या रेघेसारखा काळा ओरखडा दिसतो का बघा. दिसला तर टोपी नवी घ्या. खरवडून दोन दिवस चालते, तिसऱ्या दिवशी पुन्हा अडते.