इरिडियम प्लग टाकले तर घाटात गाडीचा पिकअप वाढेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१४ ची स्विफ्ट पेट्रोल, सत्तर हजार किलोमीटर झालेत. चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाटात तिसऱ्या गिअरला कचके खाते, पावसात जरा जास्तच. एका व्हिडिओत ‘परफॉर्मन्स’ इरिडियम प्लग (म्हणजे मधलं टोक इरिडियम धातूचं असलेले स्पार्क प्लग) टाकले की पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही वाढतं असं ऐकलंत. टाकावेत का?

पिकअपसाठी टाकणार असाल तर नका टाकू. माझं रत्नागिरीजवळ गॅरेज आहे आणि महागडे प्लग विकले तर मला दोन पैसे जास्तच सुटतात, तरी हेच सांगेन.

प्लगचं काम काडी लावण्यापुरतं. इंजिनची ताकद ठरते ती सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल किती आलं त्यावर. ते दर वेळी वेळेवर पेट घेत असेल, तर काडी महागाची असल्याने जाळ मोठा होत नाही. मग व्हिडिओतल्या माणसाला फरक जाणवला तो खोटा का? खोटा असेलच असं नाही. त्याचे जुने प्लग झिजून गेलेले असणार. त्या जागी कंपनीचे साधे निकेलचे नवे प्लग टाकले असते तरी गाडी तशीच पळाली असती, आणि खर्च चार-पाच पटींनी कमी आला असता.

इरिडियमचा खरा गुण वेगळा आहे. निकेल १४५५ अंश सेल्सियसला वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला, इरिडियम थेट २४४६ ला. त्यामुळे मधलं टोक अगदी बारीक ठेवता येतं. साध्या प्लगचं टोक साधारण अडीच मिलिमीटर जाड असतं, इरिडियमचं ०.४ ते ०.६ मिलिमीटर. ठिणगी धारदार कडेवरून सहज उडते, म्हणून बारीक टोकाला व्होल्टेज कमी लागतं आणि ते झिजतंही सावकाश. म्हणजे पैसे मोजायचे ते आयुष्यासाठी, ताकदीसाठी नव्हे. त्यातही एक मेख आहे. ‘परफॉर्मन्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच प्लगांत मधलं टोक तेवढं इरिडियमचं असतं, वरचा वाकडा दांडा साध्या निकेलचाच. तो दांडा झिजला की गॅप, म्हणजे टोक आणि दांड्यामधली फट, वाढणारच. लाखभर किलोमीटरची गोष्ट खरी असते ती दांड्यालाही प्लॅटिनमचा ठिपका असलेल्या, दीर्घायुषी म्हणून येणाऱ्या प्लगांची. दुकानदार दोन्ही सारखेच म्हणून पुढे करतो, तेव्हा खोका उघडून दांडा बघून घ्या. तीन-चार दांड्यांच्या प्लगांनीही ताकद वाढत नाही, एका वेळी ठिणगी एकाच दांड्यावर उडते.

आता तुमच्या कचक्यांकडे येतो, कारण मला खरी भानगड तिथे दिसते. घाटापलीकडच्या कोरड्या गावात प्लग टोकाकडून झिजून जातो. आपल्याकडे, समुद्राच्या या बाजूला, तो बहुतेक वेळा वरच्या बाजूने दगा देतो, म्हणजे कॉइल (प्लगला जास्त व्होल्टेजची वीज देणारा भाग) आणि तिचा रबरी बूट जिथे त्याच्यावर बसतात तिथून. खारी दमट हवा, चार महिने पाऊस, त्यात गणपतीच्या आधी इंजिन प्रेशरच्या पाण्याने धुऊन घ्यायची आपली हौस! ते पाणी प्लग ज्या खोल खोबणीत बसतो तिच्यात साचतं आणि कॉइलच्या बुटाखाली दिवसेंदिवस तसंच राहतं.

गाडी सपाटीला नीट आणि घाटातच का कचकते, ते समजून घ्या. चढाला तुम्ही ॲक्सिलरेटर जास्त दाबता, सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण भरतं, दाब वाढतो. जास्त दाबात तेवढाच गॅप ओलांडायला विजेला जास्त व्होल्टेज लागतं. सपाटीला जे काम निभावून जात होतं ते इथे अडतं, आणि वीज सोपी वाट शोधते: ओल्या, खारट, चिरलेल्या बुटातून, प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीच्या बाहेरच्या अंगाने सरळ इंजिनच्या धातूला. त्या ठोक्याला आत ठिणगीच पडत नाही. गाडी मिसिंग मारते म्हणतो ते हेच. बूट असा फुटलेला असताना तुम्ही इरिडियम टाकलंत, तर बारीक टोकाला व्होल्टेज कमी लागत असल्याने काही दिवस बरं वाटेल, आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच.

म्हणून आधी पैसे न खर्चता एक तपास करा. इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. पी-०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरला मिसफायर. दोन नंबरची कॉइल बुटासकट काढून तीनवर बसवा, तीनची दोनवर, कोड पुसा आणि घाटात एक चक्कर मारा. आता कोड पी-०३०३ आला तर दोष कॉइलमध्ये किंवा बुटात. पी-०३०२ च राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा व्हॉल्व्हकडे बघायचं. दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर मात्र गाडी जोरात हाकू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं.

प्लग काढलेत की टोक आणि मातीची बाजू दोन्ही बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त होतंय, आधी एअर फिल्टर बघा. ओलं तेलकट दिसलं तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत, आणि त्याला कुठलाच प्लग उपाय नाही. बाहेरच्या पांढऱ्या मातीवर वरून खाली पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर चोर सापडला. तीच रेघ बुटाच्या आतही उमटलेली असते, म्हणून प्लग आणि बूट दोन्ही एकदम बदला, नाहीतर जुनी रेघ नव्यालाही जाळते. मातीच्या बुडाशी, लोखंडी षटकोनाला लागून केशरी-तपकिरी कडं दिसलं तर त्याला घाबरू नका. बरेच मेस्त्री ‘प्लग लीक झालाय’ म्हणून ते दाखवतात, पण तो उच्च व्होल्टेजमुळे हवेतल्या तेलकट कणांचा बसलेला डाग असतो. प्लगची खोबण तेलाने भरली असेल तर टॅपेट कव्हरची (इंजिनवरच्या झाकणाची) पॅकिंग आणि प्लगची सीलं बदलावी लागतील, तेलाने रबर फुगतं.

गाडी सेकंडहँड घेतलेली असेल तर एक विचारून घ्या: जुलै २०२१ च्या पुरात ती चिपळुणात उभी होती का? कॉइलच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर प्लगवर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

महाग प्लग कधी घ्यावेत? तुमच्या गाडीला सीएनजी किट असेल तर मी विचार करेन, कारण गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं आणि झिजलेला प्लग तिथे लगेच नडतो. आणि नव्या टर्बो गाड्यांत कंपनीनेच इरिडियम दिलं असेल तर त्या जागी स्वस्तातलं निकेल घालू नका. डिझेलवाल्यांचे फोनही येतात, त्यांच्या इंजिनला स्पार्क प्लगच नसतो, असतो तो हीटर प्लग.

कुठलाही घ्या, हीट रेंज (प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते सांगणारा आकडा) मॅन्युअलमध्ये आहे तीच ठेवा. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग ‘थंड’ होतो, बॉशमध्ये उलट ‘गरम’. आकडा जुळवून ब्रँड बदलणारे इथेच फसतात. गरज नसताना थंड प्लग घातला तर गावातल्या गावात फिरताना काजळी धरतो, फार गरम घातला तर चढाला मिश्रण ठिणगीच्या आधीच पेट घेतं. नकली माल भरपूर आहे, तेव्हा बिलावरच घ्या.

बसवताना इंजिन थंड हवं, खोबणीत आधी हवा मारायची, मग प्लग हाताने शेवटपर्यंत फिरवायचा. चौदा मिलिमीटर आट्यांच्या, वॉशरवाल्या नव्या प्लगला त्यापुढे पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो. आट्यांना ग्रीस नको. त्याने पाना हलका लागतो, माणूस जास्त आवळतो आणि ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात. बुटाच्या तोंडाला आतून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात मात्र जरूर द्या, आणि हे काम मे महिन्यातच उरका. इरिडियमचा गॅप ठोकून कमी-जास्त करू नका, टोक ठिसूळ असतं.

कॉइलची अदलाबदल करून कोड कुठला आला ते इथे लिहा, सोबत प्लगांचा फोटो टाका, चारही सिलिंडरच्या क्रमाने ठेवून.