फ्रिज-एसीचा २ सुती तांब्याचा पाइप थेट ३ सुती पाइपात घालून ब्रेझिंग (रॉड वितळवून जोड) करता येईल का?
थेट नको. ३ सुती म्हणजे बाहेरून ९.५२ मिमी, पाइपाची जाडी ०.८ मिमी असेल तर आतला व्यास ७.९. त्यात ६.३५ मिमीचा २ सुती पाइप घातला की चहूबाजूंनी पाऊण मिलिमीटर फट राहते. वितळलेला रॉड ०.०५ ते ०.१३ मिमीच्या फटीतच नीट ओढला जातो. मोठ्या फटीत तो आत ओघळतो, नाहीतर वरवर साचतो आणि कंप्रेसरच्या थरथरीने तिथेच चीर जाते. रेड्यूसरच (दोन मापांचे पाइप जोडणारा तुकडा) घ्या.

ब्रेझिंग करताना पाइपाच्या आतून नायट्रोजन हळू सोडा, ओल्या बोटाला जेमतेम जाणवेल इतका. नाहीतर आत काळी खपली धरते आणि पुढे कॅपिलरीत (अगदी बारीक नळीत) अडकते. तांब्याला तांबं जोडताना फॉस्फरसवाला रॉड, फ्लक्स (जोडाची जागा साफ ठेवणारी पेस्ट) नको. कंप्रेसरची नळी लोखंडी असेल तर मात्र सिल्व्हर रॉड आणि फ्लक्सच. फॉस्फरसने तो जोड ठिसूळ होतो.