एचपीव्ही पेशीच्या प्रथिनांचं काय करतो?

प्रश्न : गर्भाशयमुखाच्या बायॉप्सीच्या रिपोर्टात ‘पी१६ पॉझिटिव्ह’ आलं आहे. पी१६ तर कॅन्सर रोखणारं प्रथिन आहे, असं वाचलं. मग ते जास्त असणं वाईट कसं? (वाचक, सोलापूर)

उत्तर : तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. घोळ आहे तो पी१६च्या पुढच्या पायरीवर. पेशीनं विभागायचं की नाही, याची किल्ली आरबी नावाच्या प्रथिनाकडे असते. ते ई२एफ या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं. ई२एफ सुटलं, की डीएनएची नक्कल करायला लागणारी जनुकं चालू होतात. एरवी सीडीके४ आणि सीडीके६ ही एन्झाइम्स आरबीवर फॉस्फेट चिकटवून ई२एफ सोडवतात, आणि पी१६ या दोघांना अडवतं. म्हणजे पी१६ची सगळी मदार आरबीवर.

एचपीव्ही हा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारणीभूत ठरणारा विषाणू, त्याचे क्रमांकांनी ओळखले जाणारे अनेक प्रकार आहेत. त्यातल्या एचपीव्ही-१६चं ई७ हे अवघ्या ९८ अमिनो आम्लांचं प्रथिन नेमकं आरबीलाच पकडतं आणि नष्ट करवतं. पी१६च्या जनुकावर आरबीचाही दाब असतो, तोही सुटतो. पेशी पी१६ बनवत राहते. पण ब्रेकची तारच तुटलेली, पेडल कितीही दाबा. म्हणून भरपूर पी१६ ही ई७च्या कारवायांची खूण ठरते.

रिपोर्ट वाचताना एवढं पाहा : पी१६ दाखवणारा रंग तळच्या थरापासून वर सलग, गडद आणि केंद्रकासह सगळ्या पेशीत असेल, तरच तो पॉझिटिव्ह धरतात. तुटक ठिपके म्हणजे निगेटिव्ह. आणि एकटं पी१६ म्हणजे कॅन्सर नव्हे. उपचार सीआयएनच्या, म्हणजे कॅन्सरआधीच्या पेशीबदलांच्या, श्रेणीवर (१, २, ३) ठरतात, ती रिपोर्टात शोधा.

प्रश्न : बिघडलेली पेशी स्वतःहून मरते म्हणतात. इथे का मरत नाही? (विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : कारण ते काम करवणारं पी५३ हे प्रथिन शिल्लकच राहत नाही. विषाणूच्या ई६ या दुसऱ्या प्रथिनाला स्वतः पी५३ तोडता येत नाही. ते पेशीतल्याच ई६एपी या एन्झाइमला धरतं आणि या जोडीच्या मध्ये पी५३ अडकतं. मग ई६एपी त्याच्यावर युबिक्विटिनची साखळी (‘हे मोडा’ अशी खूण) चढवतं आणि पेशीचं प्रथिनं मोडणारं यंत्र, प्रोटिएसोम, त्याचा चुरा करतं. कचरा पेशीचा, गाडीही पेशीची. पत्ता तेवढा विषाणूनं बदललेला.

इतर अनेक कॅन्सरमध्ये पी५३चं जनुकच बिघडलेलं असतं. इथे ते बहुधा शाबूत असतं. एचपीव्ही-१८ असलेल्या हेला पेशींमध्ये (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून घेऊन प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी) ई६-ई७ बंद पाडले, की पी५३ आणि आरबी परत येतात आणि वाढ थांबते. म्हणजे कॅन्सर झाल्यावरही या पेशींना ही दोन प्रथिनं सतत लागतात.

प्रश्न : यात विषाणूचा फायदा काय? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कॅन्सरमध्ये काहीच नाही. सुमारे ८,००० अक्षरांच्या त्याच्या गोल डीएनएत डीएनए पॉलिमरेझचं (डीएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइमचं) जनुकच नाही, नक्कल पेशीच्या यंत्रणेवर करून घ्यावी लागते. त्वचेच्या तळच्या पेशी विभागतात, वर सरकताना त्यांची यंत्रणा बंद पडते आणि नवे विषाणू तर वरच्याच थरांत तयार व्हायचे असतात. म्हणून ई७ यंत्रणा चालू करतं, आणि त्यावर पी५३नं गजर करू नये म्हणून ई६.

क्वचित विषाणूचा डीएनए तुटून आपल्या गुणसूत्रात शिरतो. त्यात बरेचदा ई६-ई७वर लगाम ठेवणारं ई२चं जनुक मोडतं. मग ही दोन्ही प्रथिनं अनिर्बंध बनतात, नवा विषाणू मात्र एकही बनत नाही. चामखीळ आणणाऱ्या ६ आणि ११ या प्रकारांचं ई७ आरबीला सैल धरतं आणि ई६ पी५३चा चुरा करवत नाही, म्हणून गोष्ट चामखिळीवरच थांबते.

प्रश्न : संसर्ग झाल्यावर लस किंवा औषध चालेल का? (वाचक, ठाणे)

उत्तर : असायक्लोव्हिरसारखी विषाणूविरोधी औषधं विषाणूच्या पॉलिमरेझवर मारा करतात, इथे ते नाहीच. लशीत फक्त एल१ या कवचाच्या प्रथिनाचे पोकळ गोळे असतात. त्यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडी विषाणूला शिरू देत नाहीत; पण तळच्या बाधित पेशी एल१ बनवतच नसल्यानं त्यांना हात लावता येत नाही. म्हणून लस लैंगिक संबंध सुरू होण्याआधीच घ्यावी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांवर आहे : ९ ते १४ वर्षांना ६ महिन्यांच्या अंतरानं २ डोस, १५ ते २६ वर्षांना ०, २ आणि ६ महिन्यांनी ३.

बहुतेक संसर्ग दोनेक वर्षांत आपोआप जातात, त्यामुळे एका पॉझिटिव्ह चाचणीनं घाबरू नका. टिकून राहिलेला संसर्ग शोधायचा असतो. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,००० हून अधिक महिलांच्या अभ्यासात ज्या गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी झाली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू आठ वर्षांत निम्म्यावर आले. लस घेतली तरी ही तपासणी चुकवू नये, कारण १६ आणि १८ मिळून सुमारे ७० टक्केच रुग्णांना जबाबदार आहेत.